माल त्यांचा, मापही त्यांचंच

१ डिसेंबर २०१० या दिवशी इंटेलच्या इटॅनियम या सर्व्हर चिपच्या पोटात काहीच बदललं नाही. तरीही त्या दिवसापासून घेतलेल्या इटॅनियम सर्व्हरवर ओरॅकलचा डेटाबेस चालवायला, आदल्या दिवशी घेतलेल्या तशाच सर्व्हरच्या दुप्पट लायसन्स लागू लागली. चिप तीच, मालिका तीच, डेटाबेसही तोच. बदलला तो एका तक्त्यातला आकडा, ०.५ चा १ झाला. त्या तक्त्यात आधी आणि नंतर अशा दोन ओळी चक्क खरेदीच्या तारखेनिशी छापल्या होत्या.

हा तक्ता म्हणजे ओरॅकलचा ‘कोअर फॅक्टर टेबल’. एंटरप्राइज आवृत्तीचा डेटाबेस ‘प्रोसेसर’ या एककावर विकला जातो, पण हा प्रोसेसर म्हणजे हातात धरता येणारी चिप नव्हे. सर्व्हरमधले एकूण कोअर, म्हणजे चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे गणक, मोजायचे, त्यांना त्या जातीच्या चिपसाठी ठरवलेल्या गुणकानं गुणायचं, अपूर्णांक आला की वरचा पूर्णांक धरायचा. येईल तितकी लायसन्स घ्यायची. इंटेल आणि एएमडीच्या एक्स८६ सर्व्हर चिपचा गुणक ०.५. आयबीएमच्या पॉवर६ आणि त्यापुढच्या चिपचा १. आणि स्पार्क टी३ चा ०.२५.

आता स्पार्क कोणाचं? सन मायक्रोसिस्टिम्सचं, आणि सन जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलनं विकत घेतलेली. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला डेटाबेस विकणारी कंपनी सर्व्हरही विकू लागली आणि वर्ष संपता संपता एचपीसारख्या प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हरवरचा गुणक दुप्पट झाला. सोळा कोअरच्या टी३ ला चार लायसन्स, तेवढ्याच कोअरच्या इटॅनियमला सोळा. एका लायसन्सची छापील किंमत ४७,५०० डॉलर. एकीकडे १ लाख ९० हजार डॉलर, दुसरीकडे ७ लाख ६० हजार. लोखंड कोणाचं घ्यायचं हे ठरवायला यापुढे अभियंत्याची गरज उरत नाही.

पुढं मार्च २०११ मध्ये ओरॅकलनं इटॅनियमसाठी नव्या आवृत्त्या काढणंच थांबवल्याचं जाहीर केलं. इटॅनियमचे सर्व्हर प्रामुख्यानं एचपी विकत असे. ती कॅलिफोर्नियात कोर्टात गेली. २०१२ मध्ये न्यायाधीशांनी ओरॅकलला आवृत्त्या द्याव्याच लागतील असं ठरवलं, २०१६ मध्ये ज्युरीनं तीन अब्ज डॉलरची भरपाई दिली आणि २०२१ मध्ये अपिलातही ती टिकली. त्याच वर्षी इंटेलनं शेवटचे इटॅनियम पाठवून दुकान बंद केलं. एचपीला पैसे मिळाले, पण इटॅनियमवर बसलेल्या ग्राहकांना शेवटी दुसरीकडे जावंच लागलं. शिवाय एचपी लढली ती तिच्या हातात एक लेखी वचन होतं म्हणून. एचपीचे प्रमुख मार्क हर्ड ती सोडून ओरॅकलमध्ये गेले, त्या भांडणाच्या तडजोडीत ते लिहिलं गेलं होतं. सामान्य ग्राहकाच्या हातात असा कागद नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की सॉफ्टवेअर लायसन्सचे प्रकार समजून घ्यायला आपण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतो. कायमचं की वर्गणीचं, बंद की मुक्त, अशी वर्गवारी शिकवली जाते. खरा प्रश्न आधी विचारायचा असतो: हे मोजतात कशात, आणि ते माप बदलायचा हक्क कोणाकडे आहे? भाजीवाल्याच्या तराजूवर आपल्याकडे वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, त्यासाठी २००९ चा केंद्रीय कायदा आहे. पाव किलो कमी दिलं तर दंड आहे. कोट्यवधींचं सॉफ्टवेअर मात्र अशा मापानं विकलं जातं जे विक्रेत्यानं बनवलं, विक्रेताच वापरतो आणि त्याला वाटेल तेव्हा बदलतो. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या खरेदीत हे चालवून घेऊ नये.

विक्रेत्याची बाजू कच्ची नाही, ती नीट मांडली पाहिजे. २००५ साली सननं अल्ट्रास्पार्क टी१ आणली. आठ कोअर, प्रत्येकात चार थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे चार धागे, पण एकेक कोअर तसा मंदगती. एकाच वेळी अनेक छोटी कामं उरकण्यासाठी केलेली ती रचना होती. तिच्यातला एक कोअर आणि पॉवरमधला एक दांडगा कोअर एकाच भावानं मोजला असता तर टी१ कोणी घेतलीच नसती. तेव्हा वेगवेगळ्या आर्किटेक्चरला, म्हणजे चिपच्या रचनेला, वेगवेगळा गुणक लावणं मुळात न्यायाचंच होतं. कामाच्या प्रमाणात दाम, यात गैर काय?

काहीच नाही, काम खरोखर मोजलं असतं तर. एक्स८६ चा ०.५ हा गुणक आला तेव्हा दोन कोअरच्या चिप नव्या होत्या. आजचा एक कोअर त्या काळच्या कोअरच्या कितीतरी पट काम करतो आणि गुणक अजून ०.५ च आहे. यात एक्स८६ वाल्या ग्राहकाचा फायदाच झाला, हे मान्य. पण मग हा आकडा क्षमतेचा आहे असं तरी म्हणू नका. दीड-दोन दशकं जो हलत नाही आणि जिथं हलतो तिथं एका रात्रीत दुप्पट होतो, त्याला मोजमाप म्हणत नाहीत, दरपत्रक म्हणतात.

दरपत्रकाची ताकद किती, हे पाहायचं तर एएमडीची एपिक ७२एफ३ ही चिप बघावी. २०२१ ची. या पिढीतली सर्वांत मोठी चिप ६४ कोअरची, आठ तुकड्यांत आठ-आठ कोअर. ७२एफ३ मध्येही ते आठ तुकडे आहेत, पूर्ण २५६ एमबी कॅश (चिपच्या आतली जलद स्मृती) आहे, पण कोअर फक्त आठ. म्हणजे प्रत्येक तुकड्यात एकच कोअर जागा आणि सात झोपलेले. त्यातले काही मुळात सदोष असतीलही, चिपच्या धंद्यात तसा माल खपवावाच लागतो. पण एवढं सिलिकॉन खर्चून कमी कोअरची महागडी चिप घेणारं गिऱ्हाईक कोण? ज्याला दर कोअरमागे सॉफ्टवेअरचं बिल येतं तो. हवा तेवढा वेग, हवी तेवढी कॅश, पण कोअर कमीत कमी. लायसन्सचा कागद इथं थेट कारखान्यापर्यंत पोचलाय.

एखाद्या जिल्हा पातळीवरच्या सहकारी बँकेचं उदाहरण घेऊ. सर्व्हरचं टेंडर वेगळं, डेटाबेसचं वेगळं. सर्व्हरच्या टेंडरमध्ये समितीला दिसतं की थोडे जास्त पैसे टाकले तर १६ ऐवजी ६४ कोअर मिळतात. कोणीही हुशार माणूस ६४ घेईल, ‘पुढच्या पाच वर्षांची सोय’ म्हणून. मग डेटाबेसवाला हिशेब मांडतो: ६४ गुणिले ०.५, म्हणजे ३२ लायसन्स, छापील किंमत १५ लाख २० हजार डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर जवळजवळ १३ कोटी. त्यावर दरवर्षी २२ टक्के सपोर्ट, तो ३ लाख ३४ हजार डॉलरच्या वर. सोळा वेगवान कोअर घेतले असते तर हेच आकडे चौथाईवर आले असते. सूट मिळते, भरघोस मिळते, पण गुणोत्तर तेच राहतं. सर्व्हरची किंमत या बिलाच्या पासंगालाही पुरत नाही, आणि तरी टेंडरमध्ये घासाघीस होते ती सर्व्हरवर.

बरं, कोअर मोजायचे तरी कसे? लिनक्सच्या पडद्यावर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली की इतर माहितीत या तीन ओळी येतात: एका कोअरमागे थ्रेड किती, एका सॉकेटमागे (चिप बसते त्या खाचेमागे) कोअर किती, सॉकेट किती. एक्स८६ सर्व्हरवर पहिल्या ओळीत बहुधा २ दिसतं. आर्म या दुसऱ्या रचनेच्या अनेक सर्व्हर चिपवर १. आणि तीच आज्ञा आभासी मशीनच्या, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या लटक्या सर्व्हरच्या, आत दिली तर खालच्या थरानं जे सांगायचं ठरवलंय ते दिसतं, कधी आठ सॉकेट आणि प्रत्येकात एकच कोअर, प्रत्यक्षात असलं यंत्र खोलीत कुठं नसताना. हा पडदा बघून लायसन्स मोजणारे लोक मी पाहिलेत. ओरॅकलच्या ऑडिटरला त्याचं काही पडलेलं नसतं. त्याच्या लेखी व्हीएमवेअरसारख्या सॉफ्टवेअरनं पाडलेले भाग म्हणजे ‘सॉफ्ट पार्टिशनिंग’, त्यानं मोजणी कमी होत नाही, खालचं सगळं लोखंड मोजा. किती लोखंड, हा वाद चॉकलेटवाल्या मार्स कंपनीनं २०१५ मध्ये ओरॅकलविरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात नेला होता. ऑडिटसाठी दोन लाखांहून जास्त पानं दिली, असं तिचं म्हणणं होतं. प्रकरण लवकरच आपसात मिटलं, त्यामुळं निकाल काही लागला नाही. गंमत म्हणजे ओरॅकलच्या ज्या पार्टिशनिंगच्या दस्तऐवजावर हे सगळं उभं आहे, त्याच्याच तळटीपेत तो केवळ माहितीसाठी आहे, कराराचा भाग नाही, असं लिहिलेलं असतं.

क्लाउडमध्ये गेलं की माप पुन्हा बदलतं. ॲमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर कोअर फॅक्टरचा तक्ता लागूच होत नाही. तिथं हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) असेल तर दोन व्हीसीपीयूंना, म्हणजे भाड्याच्या आभासी प्रोसेसरांना, एक लायसन्स. दोन व्हीसीपीयू म्हणजे एक्स८६ चा एक कोअर. म्हणजे आपल्या खोलीतल्या एका कोअरला अर्धं लायसन्स आणि तोच कोअर भाड्यानं घेतला की पूर्ण. हा नियम २०१७ च्या जानेवारीत आला. ओरॅकलचा स्वतःचाही क्लाउड आहे, हे सांगायला नकोच.

एकट्या ओरॅकलला झोडपून भागणार नाही. आयबीएमच्या मेनफ्रेमवर (बँकांसारख्या संस्थांच्या अवाढव्य संगणकांवर) तर याहून सरस नाट्य घडतं. तिथं सॉफ्टवेअरचं बिल यंत्राच्या वापरावर, एमएसयू नावाच्या एककात येतं, महिन्यातल्या सरकत्या चार तासांच्या सरासरीचा कळस धरून. मग मेनफ्रेमवर नवी कामं यावीत म्हणून आयबीएमनं ‘खास’ प्रोसेसर आणले: २००४ मध्ये जावासाठी झॅप, २००६ मध्ये डेटाबेसच्या काही कामांसाठी झिप. त्यांवर चाललेलं काम बिलात धरलं जात नाही. पण हे खास प्रोसेसर भौतिकदृष्ट्या वेगळे नाहीत. सिलिकॉन तेच, आतला मायक्रोकोड (चिपला चालवणारी अंतर्गत आज्ञावली) तेवढा सांगतो की तू कोण. २००९ मध्ये टेक्सासच्या निऑन या छोट्या कंपनीनं झेडप्राइम नावाचं सॉफ्टवेअर काढलं. नेहमीच्या प्रोसेसरवरचं बरंचसं काम ते या बिनबिलाच्या प्रोसेसरवर ढकलायचं. तांत्रिकदृष्ट्या चालत होतं, गिऱ्हाइकांचे पैसे वाचत होते. आयबीएमनं ग्राहकांना बजावलं की हे करारात बसत नाही. निऑननं दावा लावला, आणि २०११ मध्ये तडजोड होऊन झेडप्राइम बाजारातून कायमचं गेलं. त्याआधी पीएसआय नावाची कंपनी इटॅनियमवर मेनफ्रेमचं सॉफ्टवेअर चालवून दाखवत होती. तिच्यावर २००६ मध्ये आयबीएमनं खटला भरला आणि २००८ मध्ये तिला विकतच घेतलं. या दोन प्रकरणांत यंत्राला जमत नव्हतं असं कुठंच नाही. जमत होतं, म्हणून तर भांडण.

व्हीएमवेअरचं माप गेल्या काही वर्षांत दोनदा फिरलं. आधी सॉकेटमागे लायसन्स, कोअर कितीही असोत. २०१९ मध्ये एएमडीनं ६४ कोअरची चिप काढली आणि २०२० च्या एप्रिलपासून एका लायसन्समध्ये ३२ कोअरच बसू लागले. मग २०२३ अखेरीस ब्रॉडकॉमनं कंपनी घेतली आणि कायमची लायसन्स बंद करून कोअरमागे वर्गणी सुरू केली, एका प्रोसेसरला कमीत कमी १६ कोअरची. मायक्रोसॉफ्टनं विंडोज सर्व्हरसाठी सॉकेट सोडून कोअर धरले ते २०१६ मध्ये, तिथंही एका सर्व्हरला किमान १६. म्हणजे आठ कोअरची चिप घेऊन शहाणपणा करायला जा, इथं बिल सोळाचंच. डेटाबेससाठी निवडलेलं काटकसरीचं यंत्र विंडोजच्या मापात उधळपट्टीचं ठरतं. दोन विक्रेत्यांची दोन मापं एकाच यंत्राला दोन दिशांना ओढतात.

आणि ज्यांना वाटतं की कोअर मोजणं गेलं तर सुटलो, त्यांनी जावाकडे पाहावं. जानेवारी २०२३ पासून ओरॅकलच्या जावाची वर्गणी कर्मचाऱ्यांच्या डोक्यांवर लागते. जावा वापरणाऱ्यांच्या नव्हे, संस्थेतल्या सगळ्यांच्या, अर्धवेळ धरून, आणि संस्थेचं काम करणाऱ्या कंत्राटी माणसांसह. हजाराच्या आतल्या संस्थेला माणशी महिना १५ डॉलर. ८०० माणसांच्या संस्थेला वर्षाला १ लाख ४४ हजार डॉलर, त्यात शिपाई आला, वॉचमनही आला. चिप कोणतीही असो, फरक पडत नाही. आर्किटेक्चरच्या दृष्टीनं हे अगदी तटस्थ माप आहे! यावरून मला दिसतं ते असं की कोअर हा मूळ दोष नाहीच. दोष एकतर्फीपणात आहे.

मुक्त सॉफ्टवेअर हे यावरचं ठरलेलं उत्तर, आणि बव्हंशी ते बरोबरच आहे. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसच्या लायसन्समध्ये कोअर, सॉकेट, चिप यांतला एकही शब्द नाही. मुक्त स्रोताच्या व्याख्येतच अट आहे की लायसन्स एखाद्या उत्पादनाला बांधलेलं नसावं आणि तंत्रज्ञानाच्या बाबतीत तटस्थ असावं. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचं बघा, ती इतक्यांवर चालते: एक्स८६, आर्म, पॉवर, आयबीएमची मेनफ्रेम आणि २०२५ च्या आवृत्तीपासून रिस्क-फाइव्ह ही खुली चिप-रचनासुद्धा, अधिकृतपणे. भारत सरकारचं २०१५ चं मुक्त स्रोत धोरणही सांगतं की ई-प्रशासनात मुक्त सॉफ्टवेअरला पहिली पसंती द्या, आणि वगळायचं तर कारण लिहा. आधारची यंत्रणा एक्स८६ च्या साध्या सर्व्हरवर आणि मोठ्या प्रमाणात मुक्त सॉफ्टवेअरवर उभी राहिली, तेव्हा मोठ्या कामाला हे पेलत नाही हा युक्तिवाद आता करू नये.

तरी दोन गोष्टी राहतात. एक, लायसन्स फुकट असलं तरी सपोर्ट फुकट नसतो, आणि सपोर्टच्या दाराशी मोजणी परत येते. लिनक्सचा सपोर्ट विकणाऱ्या रेड हॅटची वर्गणी एक्स८६ वर सॉकेटच्या जोडीमागे असते आणि पॉवर किंवा मेनफ्रेमसाठी वेगळी घ्यावी लागते. दुसरी, बँकांच्या आणि सरकारी खात्यांच्या पोटात वर्षानुवर्षं साचलेला बंद डेटाबेसवरचा कोड. तो उचलून पोस्टग्रेसवर न्यायचा म्हणजे नुसतं इन्स्टॉलेशन नव्हे. हजारो प्रोसिजर (डेटाबेसमध्ये साठवलेले छोटे प्रोग्राम) पुन्हा लिहा, तपासा, रिझर्व्ह बँकेच्या तपासणीला तोंड द्या. ‘पोस्टग्रेस लावा की’ असं दोन शब्दांत सांगणाऱ्यांनी यातली एखादी तरी प्रोसिजर उघडून पाहिलेली नसते. हे स्थलांतर व्हायला हवं आणि सावकाश होतही राहील. तोवर बंद सॉफ्टवेअरची खरेदी चालूच राहणार आहे, म्हणून करारातल्या मापावर बोलणं भाग आहे.

आपल्याला याची निकड एरवीपेक्षा जास्त आहे, कारण आपण स्वतःच्या चिप बनवायला निघालोय. मद्रास आयआयटीची शक्ती, केंद्र सरकारच्या सी-डॅक या संगणन संस्थेची वेगा, दोन्ही रिस्क-फाइव्हवर. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रानं त्यासाठी डीआयआर-व्ही हा कार्यक्रम जाहीर केला. पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक आर्मवर आधारलेल्या ९६ कोअरच्या ‘औम’ प्रोसेसरवरही काम करते आहे. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक याच संस्थेनं पुण्यात उभा केला होता, तेव्हा इच्छाशक्तीबद्दल शंका नको. शंका वेगळी आहे. समजा उद्या देशी चिपचा सर्व्हर राज्याच्या डेटा सेंटरमध्ये आला. त्यावर चालवायचं सॉफ्टवेअर मुळात त्या चिपसाठी तयार करून मिळेल का, हा पहिला अडसर. तो ओलांडला तर दुसरा तक्त्यातच बसलाय. ओरॅकलच्या तक्त्यात ज्या बहुकोअर चिपचं नाव नाही, तिच्यासाठी एक सरसकट ओळ आहे: बाकीच्या सर्व, गुणक १. अमेरिकेतल्या अँपियर कंपनीच्या आर्म चिपला ०.२५ मिळाला. तिच्यात ओरॅकलचीच गुंतवणूक होती. आपल्या ९६ कोअरच्या चिपला, आज आहे त्या तक्त्यानुसार, पूर्ण ९६ लायसन्स. चिप फुकट वाटली तरी असा सर्व्हर कोणतीही खरेदी समिती घेणार नाही, आणि न घेण्याचं कारण फायलीवर अगदी बिनतोड असेल. देशी चिपसाठी अनुदान देणाऱ्या खात्यानं आणि सॉफ्टवेअरची टेंडरं काढणाऱ्या खात्यानं एकमेकांशी एवढं तरी बोलायला हवं.

करायचं काय, तर फार मोठं काही नाही. सरकारी कायद्यानं किंमत ठरवावी असं मी म्हणत नाही, तो मार्ग उलट नव्या घोळांचा. पण सार्वजनिक संस्थेच्या करारात मापाची व्याख्या वेबसाइटच्या पत्त्यावर सोडू नये. सहीच्या दिवशीचा तक्ता परिशिष्ट म्हणून जोडलेला असावा आणि करार संपेपर्यंत, सपोर्टच्या नूतनीकरणासकट, तोच लागू राहावा. सर्व्हर आणि सॉफ्टवेअर यांची बोली एकत्र, पाच वर्षांच्या एकूण खर्चावर उघडावी, आणि किमान दोन आर्किटेक्चरवरचा खर्च बोलीतच मागावा, म्हणजे गुणकांचा खेळ समितीला टेबलावर दिसेल. एका चिपवरून दुसऱ्या चिपवर जाताना लायसन्स सोबत नेता यायला हवीत. आभासी मशीनची मोजणी कशी होणार, ऑडिटमध्ये कोणता कागद चालेल, हेही तिथंच लिहावं. आणि तक्त्यात नाव नसलेल्या चिपला तिच्याजवळची क्षमता असलेल्या एक्स८६ चिपपेक्षा जास्त आकार लावता येणार नाही, ही एक ओळ. जवळची क्षमता कशी ठरवायची? स्पेक आणि टीपीसीसारख्या जाहीर चाचण्या त्यासाठीच आहेत, त्यांचे आकडे विक्रेते स्वतःच्या जाहिरातीत छापतातच.

एकटी जिल्हा बँक ही कलमं मागायला गेली तर विक्री प्रतिनिधी चहा पाजून परत पाठवेल. राज्य सरकार, राष्ट्रीयीकृत बँका, विद्यापीठं यांनी एकच मसुदा वापरला तर त्याला तो वरच्या मजल्यावर न्यावाच लागेल. बहुतेक सपोर्ट करार वर्षागणिक नव्यानं होतात, त्यामुळं मागणी पुढं करायला नव्या प्रकल्पाची वाट पाहायचंही कारण नाही. यंदाच्या नूतनीकरणाच्या फायलीला पहिलं परिशिष्ट म्हणून तो तक्ता छापून लावता येईल.